सामायिकातली मोजणी



साठी ओलांडली की आपल्यात दोन विषय हमखास निघतात, गुडघे आणि विसरभोळेपणा. एकासाठी डॉक्टर चालायला सांगतात, दुसऱ्यासाठी शब्दकोडी. पण शरीर आणि बुद्धी एकाच वेळी कामाला लावणारी एक रीत आपल्या घरात पूर्वापार आहे. आज तिच्याविषयी.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सामायिक करणाऱ्या श्रावकाला चार वेळा तीन-तीन आवर्त आणि चार प्रणाम सांगितले आहेत. आपण ते चार दिशांना करतो. पुढे माळव्यात मुंज राजाच्या काळी आचार्य अमितगती झाले. त्यांचा ‘सुभाषितरत्नसंदोह’ विक्रम संवत १०५० चा. त्यांच्या श्रावकाचारात ९ णमोकारांना २७ श्वासोच्छ्वास असा हिशेब आहे. सामायिकात म्हणतात ती ३२ श्लोकांची द्वात्रिंशतिकाही त्यांचीच.

आता बघा, उभ्याने तोल सांभाळायचा, जोडलेले हात तीनदा फिरवायचे, मस्तक नमवायचे, उजवीकडे वळायचे. त्याच वेळी णमोकार, श्वास आणि कितवी दिशा हे ध्यानात ठेवायचे. मी कॉमर्सची, म्हणून ताळा केला. दर दिशेला ९ णमोकार, चार दिशांचे ३६, श्वास १०८. जपमाळेचे मणी तेवढेच!

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षे अभ्यास झाला. तो २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष, हे सगळे एकत्र केलेल्या गटाची बुद्धी चाचण्यांत अधिक सुधारली. त्यात सामायिक नव्हते, आणि सामायिकाचा हेतूही समताभाव आहे, स्मरणशक्ती नव्हे. तरी अंग आणि मन जोडीने राबवावे, ही समज आपल्याला परकी नाही.

म्हणूनच वाईट वाटते. आमच्या पुसेगावातही आता मोबाईलवर पाठ लागतो आणि आपण खुर्चीत ऐकत बसतो. हात थांबले, मोजणीही थांबली. गुडघे दुखत असतील तर खुशाल बसून करा, तोल जात असेल तर भिंतीचा आधार घ्या. पण पाठ आणि मोजणी स्वतःची ठेवा. सासूबाईंची दिशा चुकली तर लगेच टोकू नका, त्यांना आठवू द्या. रोजच्या कामातच विसर पडू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला उशीर नको.