झेंड्याचे कापड : एका निर्णयाचा इतिहास

मराठवाड्यातल्या शाळांमध्ये वर्षातून चार वेळा ध्वजारोहण होते. प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन आणि स्वातंत्र्यदिन साऱ्या राज्याचे. चौथा दिवस, १७ सप्टेंबर, आमचा. काही वर्षांपूर्वी हिंगोलीत अशाच एका दिवसासाठी शाळेचा झेंडा घ्यायला मी एका शिक्षकमित्राबरोबर गेलो होतो. दुकानदाराने दोन झेंडे पुढे ठेवले. एक खादीचा, जाडसर आणि महाग. दुसरा पॉलिस्टरचा, चकचकीत, स्वस्त, पावसात भिजला तरी लगेच वाळणारा. मित्राने विचारले, "दोन्ही नियमात बसतात ना?" बसत होते. शाळेकडचे पैसे पाहता त्याने स्वस्त झेंडा घेतला. त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही. पण खादीचा झेंडा करणाऱ्यांनी आता काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला.

आमच्या भागात या प्रश्नाला एक वेगळे वजन आहे. १९४७ साली हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी निजामाच्या राज्यात. देश स्वतंत्र झाला त्या दिवसांत इथे तिरंगा फडकवणे हा गुन्हा होता. हैदराबादेत तो फडकवल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. पुढची तेरा महिने गावोगावी काय घडले ते इथल्या संस्थांच्या नावांतूनही वाचता येते. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्या नावाने उभे आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले. याच स्वामीजींच्या प्रेरणेने वाढलेल्या खादीकार्यातून १९६७ साली नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी राहिली. राष्ट्रध्वजासाठी देशात ज्या मोजक्या संस्था ओळखल्या जातात त्यांत कर्नाटकातल्या हुबळीजवळच्या बेंगेरीची संस्था आहे आणि आमची ही नांदेडची समिती आहे. नांदेडच्या झेंड्याचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणले जाते.

हा व्यवसाय नियमाने घडवलेला होता. भारतीय मानक संस्थेने वस्तूंची प्रमाणके ठरवायला घेतली तेव्हा राष्ट्रध्वजाच्या प्रमाणकाला 'आयएस १' हा क्रमांक मिळाला. ते वर्ष १९५१. पुढे १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाली. झेंड्याचे नऊ आकार, लांबी-रुंदीचे ३:२ प्रमाण, रंगाची छटा, सुताचा पोत, शिवण, सारे ठरलेले. आणि कापड हाताने कातलेले व हाताने विणलेलेच हवे, ही मुख्य अट. २००२ च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकालाही वर्षभर झेंडा लावण्याची मुभा दिली, तेव्हा गिऱ्हाईक वाढले आणि अट तशीच राहिली. खादीसंस्थांना याहून सोयीची बाजारपेठ मिळणे अवघड होते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ही अट गेली. यंत्रावर तयार झालेले कापड आणि पॉलिस्टर दोन्हींना परवानगी मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहीम आली. झेंड्यांची इतकी मोठी मागणी निघाली असताना खादीवाले मात्र चिंतेत होते. बेंगेरीच्या संस्थेने या बदलाला जाहीर विरोध केला.

अशा वेळी व्यापारी घराणे काय करते? मराठीतले सर्वांत परिचित उदाहरण किर्लोस्करांचे आहे. लक्ष्मणराव आणि रामुअण्णा या भावांचे बेळगावला सायकलींचे दुकान होते. पुढे ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागले. नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत कारखान्याची जागा गेली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर सुरुवातीला खपेनात, तरी त्यांनी धीर धरला. गाव सुटले, माल बदलला, गिऱ्हाईक बदलले. घराण्याचे नाव टिकले. धंद्यात हे शहाणपणच आहे. धंदा टिकावा म्हणून माल बदलायचा असतो.

खादीसंस्थेला ही वाट सहज मोकळी नाही. तिने उद्या पॉलिस्टरचे झेंडे शिवून विकले तर दुकान चालेल, ताळेबंद सुधारेल, शिवणाऱ्यांना काम राहील. पण घरी चरख्यावर सूत कातणाऱ्या बाईला आणि मागावर बसणाऱ्या विणकराला त्या झेंड्यात जागा नाही. कारखान्याच्या दृष्टीने कामगाराची मजुरी हा मालावरचा खर्च असतो. इथे उलट आहे. मजुरी मिळावी म्हणूनच माल काढलेला आहे. तो खर्च वाचवला की संस्था कशासाठी चालवायची हेच उरत नाही.

हा पेच नवा नाही. अखिल भारतीय चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला. पहिली दहा वर्षे खादी होईल तितकी स्वस्त करून विकण्यावर भर होता. गिऱ्हाइकाने परदेशी आणि गिरणीचे कापड सोडावे तर खादी परवडायला हवी, हा हिशेब बरोबरच होता. त्याची झळ मात्र कातणारणीला बसत होती. दिवसभर कातून तिच्या हाती आणा-दीड आणाही पडणे कठीण. १९३५ मध्ये गांधीजींनी हा हिशेब उलटा केला. कातणारणीला पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे, आठ तासांच्या कामाला आठ आणे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असा त्यांचा आग्रह होता. खप बसेल, भांडारे बंद पडतील, अशी भीती कार्यकर्त्यांनीच बोलून दाखवली. ती खोटी नव्हती. आठ आण्यांपर्यंत कुठल्याच शाखेला पोचता आले नाही. तरी मजुरी वाढवण्याचा ठराव झाला, आणि वर्ध्याच्या श्रीकृष्णदास जाजूंसारख्यांनी महाराष्ट्रात त्यासाठी नेटाने काम केले.

१९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी आणखी पुढे गेले. शहरातल्या भांडारांवर विसंबलेली खादी पुरेशी नाही, कातणाऱ्यांनी स्वतः नेसावे आणि नेसणाऱ्यांनी कातावे, असे त्यांनी संघाला सांगितले. खादी घेताना किमतीचा काही भाग सुताच्या रूपात देण्याची अटही पुढे आली. बाजाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचाच व्यवहार. स्वातंत्र्यानंतर वाट पुन्हा वळली. १९५३ मध्ये अखिल भारतीय मंडळ आणि १९५७ मध्ये खादी आयोग आला. सूट, अनुदान आणि सरकारी खरेदी यांच्या आधारावर खादी उभी राहिली. झेंडा हा त्या आधाराचा सर्वांत भक्कम खांब. चांगले दिवस होते तोवर कुणी विचारले नाही, की हा खांब काढला तर काय?

आज खादीसंस्थांपुढे मला तीन वाटा दिसतात. पहिली, जुनी अट परत मागणे. ही मागणी रास्त आहे, पण निर्णय दुसऱ्याच्या हातात. दुसरी, पॉलिस्टरही विकणे. तिचा शेवट वर सांगितला. तिसरी, १९३५ ची: कमी विकू, पण मजुरी कमी करणार नाही, आणि किंमत जास्त का हे गिऱ्हाइकाला सांगू. ही वाट बोलायला सोपी आहे. झेंड्याचे कापड वर्षभर कातावे-विणावे लागते, रंगवून, शिवून, अशोकचक्र छापून ठेवावे लागते; पैसा परततो तो मुख्यतः जानेवारी आणि ऑगस्टमध्ये. एक हंगाम बुडाला की भांडवल गोदामात अडकते आणि पुढच्या सुताचे पैसे थकतात. तत्त्वापायी ज्यांची मजुरी थकेल त्यांना तत्त्वाचे कौतुक सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही माझे मत तिसऱ्या वाटेकडे झुकते, पण एका अटीवर. तिचा भार एकट्या संस्थेवर टाकता येणार नाही. सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, बँका, ग्रामपंचायती यांनी झेंड्याची मागणी सहा महिने आधी नोंदवून निम्मे पैसे आगाऊ दिले, तर गोदामातले ओझे हलके होते. त्याला कायदा बदलावा लागत नाही. सुताच्या त्या अटीत हाच विचार होता: गिऱ्हाइकाने केवळ पैसे टाकून मोकळे होऊ नये, कामातला थोडा वाटा उचलावा.

परवा त्या मित्राला हे सारे सांगितले. तो म्हणाला, "आगाऊ पैसे शाळेकडे कुठून येणार?" मग स्वतःच म्हणाला, तालुक्यातल्या दहा शाळांनी मिळून मागणी केली तर जमेल. यादी करायला त्याने वही काढली. नऊ नावे झाली आहेत.