डॉल्बी, डीजे आणि रात्रीचे दहा

आमच्या सातारा भागात ‘डीजे’ हा माणूस नसतो. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत असते. तिलाच ‘डॉल्बी’ असेही म्हणतात. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! ज्याने आवाजातला केरकचरा काढला, त्याचे नाव आम्ही नेमके कशाला दिले पाहा. असो.

डीजे हा हाडामांसाचा माणूस असतो हे मला २०१५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळले. धाकट्या भावाचा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हा उद्योग करतो. म्हणाला, “काका, डिसेंबरात गोव्याला चला, पाळोळ्याला वाजवणार आहे.” मी हात जोडले. “अहो काका, तिथे आवाजच नसतो.” मला वाटले, पोरगा म्हाताऱ्याची थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. ‘सायलेंट डिस्को’ म्हणतात त्याला. नाचणारे प्रत्येकजण बिनतारी हेडफोन लावतात आणि गाणे फक्त त्यांच्या कानात वाजते. एका वेळी दोन-तीन डीजे वाजवतात, प्रत्येकाची लहरपट्टी वेगळी. हेडफोनवर बटण असते. ते दाबले की गाणे बदलते आणि कानावरच्या दिव्याचा रंगही बदलतो. त्यामुळे कोण कोणाचे ऐकतोय हे सगळ्यांना लांबून दिसते. पुतण्याचा रंग निळा होता.

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे ‘कारणे लिहा’ सुटत नाही. आधी दूरगामी कारणे. नॅथॅनिएल बाल्डविन याने १९१० साली घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून अमेरिकन नौदलाला दिले. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि एकट्याने गाणे ऐकत रस्त्याने चालायची सवय माणसांना लागली. हेडफोन लावून एकत्र नाचणारी माणसे त्याआधीच, १९६९ साली, रिस्तो यार्वा या फिनिश दिग्दर्शकाच्या भविष्यकाळावरच्या एका चित्रपटात दिसली होती. पुढे नेदरलँड्सच्या निको ओकर्से आणि मायकेल मिंटेन या दोघांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असे कार्यक्रम गावोगावी केले. २००५ साली इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात हा प्रकार आला तो शेजारच्या गावांना रात्री झोप मिळावी म्हणून. २०११ साली ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशात शब्द गेला.

आता आपल्याकडचे कारण. ते हलके नाही.

मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांच्यासारखी माणसे १९८० च्या दशकापासून गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयात भांडत होती. २००० साली केंद्राचे नियम आले : रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. त्यावर १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. त्या निकालाच्या सुरुवातीलाच, मूळ याचिका कशामुळे झाली ते लिहिले आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती ओरडली, पण शेजारी ध्वनिवर्धकावर गाणी चालू होती. कोणाला ऐकू गेले नाही. त्याच संध्याकाळी तिने जाळून घेतले. गोव्याच्या किनाऱ्यावर दहानंतर माणसे हेडफोन लावून नाचू लागली ती या नियमांमुळे. नाचणाऱ्या शंभरांत एकाला तरी हे ठाऊक असेल का, कोण जाणे. मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. घरी आल्यावर वाचले.

मला स्वतःला ते वाचायचे कारण होते. २०१२ च्या अनंत चतुर्दशीला ही अंथरुणाला खिळलेली होती. मिरवणूक आमच्या दारासमोर पाऊण तास थांबली. खिडकीची तावदाने थडथडत होती, औषधाच्या बाटल्या फळीवरून सरकत होत्या. मी खाली गेलो. ट्रॉलीपाशी माझाच एक विद्यार्थी. त्याने वाकून नमस्कार केला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, “सर, वर्षातून एकच दिवस!” मी वर आलो आणि मिरवणूक हलेपर्यंत दोन्ही तळव्यांनी हिचे कान झाकून बसलो. कार्तिकात ही गेली. त्या आवाजाने गेली असे मी म्हणत नाही, आजार मोठा होता. पण ती पाऊण तास माझ्याकडे बघत होती, ते डोळे जात नाहीत.

तर पाळोळे. एरवीच्या नाचात हेडफोन फक्त डीजेच्या कानाला असतो. पुढची तबकडी तो आधी स्वतः ऐकतो, ताल जुळला की मगच लोकांना देतो. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो याने ही विद्या नावारूपाला आणली. इथे मात्र सगळ्यांच्याच कानाला हेडफोन. पुतण्या म्हणाला, “काका, यात लपता येत नाही. गाणे पडले की समोरचे निळे दिवे पटापट लाल होतात.” त्या रात्री एकदा तसे झालेही, चेहरा उतरला बिचाऱ्याचा.

मी दहा मिनिटे ऐकले. मग हेडफोन काढला. पाच-सहाशे माणसे हात वर करून नाचताहेत, आणि ऐकू काय येते? लाटा. पायांची फरफर. प्रत्येकजण आपापल्या कानातले गाणे बेसूर गुणगुणतोय, तीन गाण्यांची भेसळ, अगदी आमच्या सहावी ‘ब’ची प्रार्थना! मला हसू आवरेना. कुंपणाजवळ एक कुत्रे पाय ताणून झोपले होते. त्याने कानसुद्धा हलवला नाही.

हे सगळे बिनदोष आहे असे नाही. हेडफोनचा आवाज वाढवून स्वतःचे कान बिघडवता येतातच, आणि शेजाऱ्याशी बोलायचे तर दोघांनाही कान उघडे करावे लागतात. मिरवणुकीत एकच ताल सगळ्यांना ओढतो, ती ओढ इथे नाही. लहानपणी लेझीम खेळलेला माणूस हे नाकारणार नाही. अलीकडे मुंबईत काही ठिकाणी हेडफोन लावून गरबा होतो म्हणतात. गणपतीत तसे होईल असे मला वाटत नाही. पण आवाजाशिवाय नाचताच येत नाही, हे मला आता कोणी सांगू नये.

दीड वाजता पुतण्या घामाघूम होऊन माझ्या शेजारी वाळूत बसला. “काका, ऐकलेत ना?”

“ऐकले की,” मी म्हटले. हेडफोन मांडीवरच होता, निळा दिवा चालू.