ध्वनिवर्धकातील निकामी घटक ओळखणे

ध्वनिवर्धकाच्या दुरुस्तीत जळालेला दिसणारा घटक हाच मूळ दोषी असतो असे नाही. काळवंडलेला रेझिस्टर बहुधा दुसऱ्याच्या दोषाचा बळी असतो: ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्याने त्यातून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो. केवळ रेझिस्टर बदलल्यास नवाही जळतो.

सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा जोड मल्टिमीटरच्या डायोड चाचणीत एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो. दोन्ही दिशांनी शून्याजवळचे वाचन आल्यास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. परंतु निर्णयापूर्वी तो सर्किटमधून सुटा करून पुन्हा मोजावा, कारण शेजारचे घटक वाचन फसवतात.

आवाज कमी-जास्त करूनही स्पीकरमधून सारखीच घरघर येत असेल, तर वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटर तपासावा. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने पूर्णतरंग रेक्टिफायरनंतर ही घरघर १०० हर्ट्झची असते. खराब कपॅसिटरचे डोके फुगते किंवा तळाशी द्राव पाझरतो. मात्र बाहेरून धडधाकट दिसणाराही आतून सुकलेला असू शकतो. अशा वेळी केवळ धारकता मोजून भागत नाही, त्याचा अंतर्गत रोधही मोजावा लागतो.

वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत त्याचा दाब काहीशे व्होल्ट, म्हणजे प्राणघातक ठरू शकेल इतका असतो. म्हणून तो योग्य रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री केल्यावरच हात लावावा.