वादळाच्या मदतीचा फॉर्म आणि टेक्सासचे गव्हर्नर

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडलेला असतो आणि राज्य चालवतो. आपला मुख्यमंत्रीच समजा. आजचे गव्हर्नर म्हणजे टेक्सासचे ग्रेग अ‍ॅबट, २०१५ पासून खुर्चीत.

२ मे २०१७, इस्रायलचा स्वातंत्र्यदिन. ऑस्टिनच्या ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये अ‍ॅबट यांनी 'हाउस बिल ८९'वर सही केली. इस्रायलविरोधी धोरण म्हणजे टेक्सासविरोधी धोरण, असं त्यांचं म्हणणं. कायदा काय? सरकारी कंत्राट हवंय ना, मग इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही असं लिहून द्या.

ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं. ह्यूस्टनजवळच्या डिकिन्सन शहराने घरदुरुस्तीच्या मदतीसाठी फॉर्म काढला. त्यातलं कलम ११ काय, तर अर्जदार इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही! घरात पाणी शिरलेल्या माणसाने सही कशावर करायची, तर परराष्ट्र धोरणावर. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. एका जागची अट कॉपी-पेस्ट होते आणि भलतीकडेच चालायला लागते. विधेयक आणणारे आमदारही म्हणाले की शहराने चुकीचा अर्थ लावला. ओरड झाल्यावर व्यक्तींसाठीची अट काढली गेली.

पण सगळंच कॉपी-पेस्टवर ढकलता येत नाही. ऑस्टिनजवळच्या शाळांमध्ये नऊ वर्षं मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका पॅलेस्टिनी वंशाच्या स्पीच थेरपिस्टने २०१८ मध्ये ही सही नाकारली. कंत्राट गेलं. ती कोर्टात गेली. एप्रिल २०१९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी कायद्याला स्थगिती दिली. आधार होता १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर टाकलेला बहिष्कार हीसुद्धा राजकीय अभिव्यक्तीच. पुढच्याच महिन्यात अ‍ॅबट यांनी दुरुस्तीवर सही केली. आता अट फक्त दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, आणि कंत्राट किमान एक लाख डॉलरचं असेल तरच.

म्हणजे सगळं नाटकच का? नाही हो. १५ जानेवारी २०२२ ला कॉलीव्हिलच्या सिनेगॉगमध्ये एका बंदूकधाऱ्याने रब्बी आणि तिघांना जवळपास अकरा तास ओलीस ठेवलं होतं. सगळे वाचले. ज्यूद्वेष ही टेक्सासमध्ये पुस्तकातली गोष्ट नाही. त्याआधीच, २०२१ मध्ये, अ‍ॅबट यांनी होलोकॉस्ट, वंशसंहार आणि ज्यूद्वेष यांवर सल्ला देणारा आयोग कायद्याने उभा केला होता. मला हे त्यांचं सगळ्यात ठोस काम वाटतं. अडचण ज्यूद्वेषाच्या व्याख्येत आहे. त्याच कायद्यातून टेक्सासने घेतलेल्या व्याख्येच्या उदाहरणांत इस्रायलवरची काही प्रकारची टीकाही येते. ज्यू माणसाला वाचवणं आणि इस्रायल सरकारला वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. इथे ती एकाच फंक्शनमध्ये कोंबली आहेत.

त्याचा परिणाम कॅम्पसवर दिसला. २०१९ मध्ये याच अ‍ॅबट यांनी विद्यापीठाच्या मोकळ्या आवारात कुणालाही बोलू द्या, अशा कायद्यावर सही केली होती. मार्च २०२४ मध्ये त्यांनीच आदेश काढला: विद्यापीठांनी ही व्याख्या नियमांत घालावी, शिक्षा ठरवाव्यात. दोन पॅलेस्टाइनसमर्थक विद्यार्थी संघटनांची नावंही त्यात होती. २४ एप्रिलला ऑस्टिनच्या विद्यापीठात राज्य पोलीस शिरले आणि ५७ जणांना अटक झाली. निदर्शकांची जागा तुरुंगात आहे, असं अ‍ॅबट यांनी ट्विट केलं. काउंटीच्या सरकारी वकिलांनी मात्र पुरेसा आधार नाही म्हणून सगळे आरोप सोडून दिले.