वाघोबाचा शेजार

माहुलच्या खाडीकाठी राहणाऱ्या आम्हांला बिबळ्या दूरचा वाटतो. बोरीवली-मुलुंडच्या डोंगरांतील वारल्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी. वाघबारसेला वाघोबापुढे नैवेद्य ठेवून ते गुरामाणसांचे रक्षण मागतात. ही श्रद्धा आमची नव्हे. परंतु रान त्याचेही आहे, हे तिच्यातील शहाणपण आम्ही कमी लेखणार नाही. २००४ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबळ्यांनी अनेकांचे, त्यांत लेकरांचेही, बळी घेतले आणि शहराने पिंजरे मागितले. वास्तविक २००१ पासून जुन्नरकडे पकडलेले बिबळे परक्या रानात सोडले जात होते. परिणामी तेथील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तरीही बिबळ्या नुसता दिसला, की सोसायट्यांतून मागणी येते ती पिंजऱ्याचीच.