पहिला कान



रेडिओचा इतिहास सांगताना मार्कोनीच्या प्रक्षेपणापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. बोलणाऱ्याचे कौतुक जगात नेहमीच अधिक होते. मला आज ऐकणाऱ्याचा इतिहास सांगावयाचा आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. माझे आयुष्य कारखान्यांच्या दारांशी गेले. जे थोडे शिकलो ते ग्रंथालयांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत बसून. परंतु भरल्या सभेत शेवटच्या रांगेतल्या एका मनुष्याची तक्रार ऐकावी कशी, हा आमच्या कामातला नित्याचा प्रश्न आहे. आणि नेमका हाच प्रश्न रेडिओच्या अभियंत्यांना शंभर वर्षे छळीत आला आहे.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत घरोघर रेडिओ आले, तेव्हाची अवस्था अशी होती : दूरचे केंद्र ऐकण्यासाठी आवाज वाढवावा, आणि खुंटी फिरवता फिरवता जवळचे केंद्र लागले, की कानठळ्या बसाव्या. १९२५-२६ च्या हिवाळ्यात हॅरॉल्ड व्हीलर या बावीस वर्षांच्या तरुणाने यावर तोड काढली. आलेला संकेत किती जोरकस आहे, हे एका डायोडने मोजावयाचे, त्या मापाइतका विद्युत्‌दाब मागे, आधीच्या व्हॉल्व्हांकडे पाठवावयाचा, आणि त्यांचे विवर्धन आपोआप कमी करावयाचे. दुर्बळ संकेत आला, की विवर्धन पुन्हा वाढावे. १९२९ साली फिल्कोच्या रेडिओत ही योजना बाजारात आली. तिच्या पेटंटावरून पुढे खटले चालले आणि १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले. मालकी गेली, कल्पना राहिली.

तथापि एका अडचणीतून दुसरी निघाली. साध्या व्हॉल्व्हचे विवर्धन कमी करू जावे, तर तो जोरकस संकेताची मोडतोड करी, आणि शेजारच्या केंद्राचे गाणे आपल्या केंद्राच्या भाषणात मिसळे. १९३० साली स्टुअर्ट बॅलन्टाइन व स्नो यांनी उपाय मांडला, तो साधा पण मोठा मार्मिक होता. व्हॉल्व्हमधील जाळीचे वेढे सारख्या अंतरावर न ठेवता कोठे दाट, कोठे विरळ ठेवावयाचे. दाब वाढला, की दाट भाग बंद पडे. विरळ भाग काम करीत राही. विवर्धन एकदम न तुटता हळूहळू उतरे.

दुसरा शत्रू घरातलाच होता. १९१८ साली जर्मनीत शॉट्‌की यांनी दाखविले, की विजेचा प्रवाह सुट्या कणांचा असल्यामुळे व्हॉल्व्हमध्ये खरखर अटळ आहे. १९२८ साली बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांनी मोजून व नायक्विस्ट यांनी गणिताने सिद्ध केले, की प्रत्येक विद्युत्‌रोधक केवळ स्वतःच्या उष्णतेमुळे गुणगुणत असतो. हा गोंगाट पट्ट्याच्या रुंदीप्रमाणे वाढतो. रेडिओला दहा किलोहर्ट्‌झ पुरतात. आपल्याकडील टेलिव्हिजनच्या वाहिनीला सात मेगाहर्ट्‌झ लागत. म्हणजे गोंगाट सातशेपट!

मग या गोंगाटाचा निर्णय कोठे होतो? १९४४ साली हॅरल्ड फ्रीस यांनी त्याचे सूत्र दिले. पहिल्या विवर्धकाने शक्ती शंभरपट केली, तर दुसऱ्याचा स्वतःचा गोंगाट हिशेबात शंभराव्या हिश्शाने धरावा. म्हणून पहिला कान स्वच्छ हवा. तेथे हरवलेला शब्द पुढे कितीही मोठ्याने ओरडून परत येत नाही. गोंगाटच तेवढा मोठा होतो.

मुंबईचे दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. दूरच्या गावी पडद्यावर मुंग्या दिसत, आणि लोक बूस्टर आणीत. तो गच्चीवर अँटेनापाशी बसविला तर उपयोग होई. खाली संचाजवळ बसविला, तर वायरीत अर्धा संकेत गमावल्यावर उरलेला अर्धा मुंग्यांसकट मोठा होई. फ्रीस यांचे सूत्र न वाचताही पुष्कळ कारागिरांना हे अनुभवाने ठाऊक होते.

येथेच ट्यूनर रचणाऱ्याचा खरा पेच आहे. दुर्बळासाठी पहिला विवर्धक पूर्ण ताकदीने चालावा. पण प्रबळ आला तर तोच कोलमडतो. म्हणून टेलिव्हिजनच्या संचांत असा नियम रूढ झाला, की कपात करावयाची तर आधी मागच्या टप्प्यांत करावी. पहिल्या टप्प्याला हात शेवटी लावावा. आमच्या कारखान्यांत कपातीचा क्रम बहुधा याच्या उलट असतो, हे जाता जाता सांगतो.

रुंद पट्ट्याच्या ट्यूनरात पेच आणखी घट्ट होतो. केबलच्या एकाच तारेतून कित्येक वाहिन्या येतात आणि निवड होण्यापूर्वी सगळ्या एकदमच पहिल्या विवर्धकावर आदळतात. दोन प्रबळ संकेतांची शक्ती दुप्पट झाली, तर त्यांच्या भेसळीतून निघणारा तिसऱ्या क्रमाचा खोटा संकेत आठपट होतो. बरे, एकूण कोलाहल पाहून विवर्धन उतरवावे, तर शेजाऱ्याच्या अपराधासाठी दुर्बळ वाहिनीला शिक्षा होते. ती मुंग्यांत बुडते.

या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न ट्रान्झिस्टरच्या युगातही चालूच राहिले. १९६८ साली बॅरी गिल्बर्ट यांनी प्रवाहांच्या प्रमाणावरून रुंद पट्ट्यात विवर्धन कमीजास्त करण्याची रचना प्रसिद्ध केली. २००४ साली हॉलंडमधील ट्वेंटे विद्यापीठातील ब्रुकोलेरी, क्लुम्परिंक व नाउटा यांनी तर पहिल्या ट्रान्झिस्टरचा गोंगाटच कापून काढण्याची युक्ती मांडली. मंडलात दोन ठिकाणे अशी असतात, की तेथे त्याचा गोंगाट एकाच दिशेचा व संकेत उलट दिशांचे असतात. योग्य प्रमाणात वजाबाकी केली, की गोंगाट कटतो आणि संकेत जुळून वाढतो. गोंगाट आहे हे नाकारून नव्हे, तर तो दोन ठिकाणी ऐकून त्यांनी त्याला जिंकले.

श्रोतेहो, विवर्धकाचा इतिहास हा आवाज वाढविण्याचा इतिहास आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आवाज वाढविणे त्यातले सोपे काम होते. प्रबळाच्या शेजारी बसलेल्या दुर्बळाचा शब्द शाबूत ठेवणे, हे अवघड काम. आणि ते शेवटच्या कर्ण्यात होत नाही, पहिल्या कानात होते. संस्था, कचेऱ्या आणि आमच्या संघटना यांनीही आपला पहिला कान कोठे बसविला आहे, गच्चीवर की खाली संचाजवळ, हे एकदा तपासून पाहावे.