डिसले गुरुजींची कन्नड

शाळेत संगणक आला म्हणजे नेमके काय आले? १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ योजना काढली. बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रे निवडक माध्यमिक शाळांना मिळाली. पहिली-दुसरीची पोरे त्या हिशेबात नव्हतीच. यंत्राची भाषाही इंग्रजी!

प्राथमिक वर्गाची गोष्ट मी परितेवाडीपासून सांगेन. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले हे गाव. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तिथल्या जिल्हा परिषद शाळेवर रुजू झाले, तेव्हा इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. त्याहून मोठी अडचण भाषेची. मुलांच्या घरी कन्नड, पुस्तक मराठी. गुरुजी स्वतः कन्नड शिकले, धडे मुलांच्या बोलीत आणले आणि पानांवर क्यूआर कोडचे चौकोन जोडले. त्यावर मोबाइल धरला की कविता ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे.

आमच्या जानेफळात घरी उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. म्हणून मला त्या चौकोनाहून गुरुजींच्या कन्नडचे अप्रूप अधिक.

२०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालायचे ठरवले. डिसेंबर २०२० मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. त्याच वर्षी टाळेबंदीत धडे मोबाइलवर आले. ज्या घरात एकच फोन, तिथे तो बापाबरोबर कामावर जाई आणि पोर दिवेलागणीपर्यंत धड्याची वाट पाहत बसे.